सातव्या माळेचं नाटक

शकू, काल आपल्या स्टेजवर पुन्हा रक्त सांडलं. या खेपेला माझं. खालच्या ओठाला चार टाके पडलेत, पुढचा एक दात हलतोय, आणि दोन दिवस तोंड उघडायचं नाही असं आर्वीच्या डॉक्टरनं बजावलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं झालं व कल्पे, कोनं तरी तुहं तोंड बंद केलं." बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तुला जाऊन महिना झाला. शोकसभेला मी नव्हते, पण कोण काय बोललं ते कानावर आलं. शकूताई फार शांत होत्या. कधी कुणाला दुखावलं नाही. सगळ्यांना सांभाळून घेतलं. ऐकता ऐकता माझं डोकं तापलं. तू आणि शांत! तालमीला उशिरा येणाऱ्याच्या पाठीत तू गुद्दा घालायचीस. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत एकानं डोकावून पाहिलं, तर त्याचं डोकं दाराच्या फटीत धरून वरून दार दाबलंस, आणि तो माफी मागेपर्यंत दाबूनच ठेवलंस. मेलेल्या माणसाची नखं लोक आधी काढून घेतात. मला तू नखांसकट आठवतेस.

एकोणीस वर्षांच्या होतो आपण. आर्वीच्या अलीकडचं आपलं गाव, गावातलं नवयुवक नाट्य मंडळ, त्यात अकरा पोट्टे आणि आपण दोघी. नवरात्रात देवीच्या मांडवाशेजारी फळ्यांचं स्टेज बांधायचं आणि सातव्या माळेपासून तीन दिवस नाटकं करायची, अशी रीत. माझ्या बाबांनी मला सोडलं ते तुझ्या भरवशावर. तू आमच्या ओसरीत उभं राहून त्यांना म्हणाली होतीस, "काका, हिले हाताले धरून नेतो अन् हाताले धरून आणतो." तुझा आवाज असा होता, की तू ओसरीत बोललीस तर मागच्या वाड्यातली गाय कान टवकारायची.

त्या वर्षी आपण दारूवरचं नाटक बसवलं. आपला जिल्हा दारूबंदीचा. नाल्यातली नत्थूची भट्टी मात्र सगळ्या गावाला ठाऊक होती. दारूसाठी आंबवलेल्या सडव्याचा वास शाळेच्या वर्गात यायचा. नाटकात नत्थूचं नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती, कारण त्याचं काम तू केलंस. लुंगी, मिशी, एक खांदा पाडून चालणं आणि दर वाक्याआधी थुंकणं. पहिल्या प्रवेशाला बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. दुसऱ्याला पुरुषही हसायला लागले. पाटावर बसलेली म्हातारी माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. गाव नत्थूला हसतंय, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. नत्थूनंही पाहिलं. तो मांडवाच्या मागं उभा होता.

पहिला दगड ट्यूबलाइटवर आला. काचा तुझ्या केसांत पडल्या. मग दगडांचा मारा सुरू झाला. नत्थूचे तिघं-चौघं काठ्या घेऊन माणसांत घुसले. लेकरं रडत होती, बायका त्यांना उचलून पळत होत्या, आणि आपले अकराच्या अकरा पोट्टे स्टेजच्या मागच्या बाजूनं उड्या टाकून कपाशीच्या वावरात शिरले. तू हलली नाहीस. तू वाक्य म्हणत होतीस! दगड पडत होते आणि तू मिशी सावरून पुढचं वाक्य म्हणत होतीस.

नत्थू स्टेजवर चढला. आधी त्यानं तुझी मिशी उपटली. मग वेणी धरली. वेणी मनगटाला गुंडाळून त्यानं तुझं डोकं मांडवाच्या लाकडी बल्लीवर आपटलं. एकदा. दोनदा. मी पडद्याआड होते. खड्डे खणायला आणलेली लोखंडी सब्बल तिथं पडली होती, ती मी उचलली. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलली. त्याची पाठ माझ्यापासून हातभर लांब होती, सदरा घामानं चिकटलेला, मणके मोजता आले असते. पडद्याच्या फटीतून तू मला पाहिलंस. रक्तानं तुझा एक डोळा मिटला होता, दुसऱ्यानं पाहिलंस, आणि ओरडलीस, "मार, कल्पे! पाहून काय राह्यली? मार!"

मी मारलं नाही.

का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात वर होते ते वरच राहिले. मग त्यानं मूठ वळली आणि तुझ्या जबड्यावर हाणली. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. त्या मोडलेल्या जबड्यानंच तू त्याच्या कानाला धरलंस. दात कसे आवळले असशील, देव जाणे. तो बैलासारखा ओरडला. तुला झटकून सुटला तेव्हा त्याची कानाची पाळी तुझ्या तोंडात होती. तू ती थुंकलीस. तो मान रक्तानं माखून पळाला, आणि मी सब्बल हळूच खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून हळूच. ते हळूच ठेवणं मला त्या मुठीपेक्षा जास्त छळतं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातला जमादार आमच्या ओसरीत येऊन बसला. बाबा शेजारी होते. माझ्याकडे पाहत नव्हते, पानाला चुना लावत होते.

"पोरी, तू तिथंच होती म्हणे. काय पाह्यलं?"

"मी आतमध्ये होती," मी म्हटलं. "अंधार होता. काई दिसलं नाई."

पोट्ट्यांनी खरंच काही पाहिलं नव्हतं, ते वावरात होते. बाकी गाव लेकरं घेऊन पळालं होतं. पाहिलं होतं ते मी एकटीनं. जमादारानं आपसातलं भांडण म्हणून लिहिलं, दोघांनाही लागलं म्हणून लिहिलं, आणि प्रकरण मिटलं. तू वर्ध्याच्या दवाखान्यात जबडा तारेनं बांधून, नळीनं पाणी पीत पडली होतीस. मी भेटायला आले नाही. माघात माझं लग्न झालं आणि मी अमरावतीला गेले.

सात वर्षांनी नवरात्रात माहेरी आले तेव्हा सातव्या माळेला पाय आपोआप मांडवाकडे वळले. पाहते तर स्टेजवर शाळेतली लेकरं, आणि बाजूला तू. जबडा वाकडा जुळला होता. तोंड अर्धंच उघडायचं, 'र' म्हणताना ओठ एका बाजूला ओढले जायचे. ज्या मुलीचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेला जायचा, तिचं बोलणं आता जवळच्या माणसालाही दोनदा विचारावं लागत होतं. मी उभ्या उभ्या रडायला लागले. तू आलीस, माझा दंड इतक्या जोरात धरलास की वळ उठले, आणि मला खुर्चीत ढकललंस.

"बस. रडू नोको. पोट्ट्याईचं ध्यान जाते."

एवढंच बोललीस. सात वर्षांचा हिशेब एका ढकलण्यात संपवलास. त्यानंतर मी एकही वर्ष चुकवलं नाही. घटस्थापनेच्या आधी तुझा फोन यायचा, "सातवी माळ मंगळवारी आहे. येजो," आणि मी यायचे. सासू आजारी असताना आले, पाय मोडला तेव्हा कुबडी घेऊन आले. पहिल्या रांगेत बसायचे. नाटक संपलं की तू एकच प्रश्न विचारायचीस, "कुठी पडलं?" आणि मी नाटक कुठं ढिलं पडलं ते सांगायचे. माझ्या घरी, माझ्या नोकरीत, कुणी मला असं कधी विचारलं नाही. तुझ्याजवळ माझ्या डोळ्यांना किंमत होती. याच डोळ्यांनी जमादारासमोर आंधळेपण घेतलं होतं, तरीही. त्याबद्दल तू कधी विचारलं नाहीस. तू विचारशील म्हणून मी दर वर्षी तयार होऊन यायचे आणि तू न विचारल्यामुळे सुटल्यासारखी परत जायचे.

आणि मग तू निकिताला घेतलंस.

नत्थूची पोरगी. त्याची भट्टी कधीच बंद झाली होती, आता त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि तो देवीच्या मंडळाचा उपाध्यक्ष आहे. तुटक्या कानावर मफलर घेऊन आरतीला पुढं उभा राहतो. त्याच्या पोरीला तू मुख्य काम दिलंस. दोन वर्षं मी गिळलं. गेल्या वर्षी नाटक संपल्यावर, शाळेच्या वऱ्हांड्यात तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस तेव्हा मला राहवलं नाही.

"त्याचं रक्त तू आपल्या स्टेजवर आणलं," मी म्हणाले.

"त्याचं रक्त तं तवाच सांडलं होतं स्टेजवर. म्याच सांडवलं," तू हसलीस. तुझं ते वाकडं हसू. "पोट्टीनं काय केलं व? चांगली बोलते. आवाज आहे तिले."

"तुझा आवाज त्यानं नेला, शकू. आणि तू त्याच्या पोरीला आवाज शिकवून राह्यलीस!"

तू घडी खाली ठेवलीस. "कल्पे, नत्थूवरचा राग माहा आहे. म्या तो वापरून टाकला. तू काऊन धरून बसली? सोताचा राग करा लागन म्हणून?"

मी तुला थोबाडीत मारली.

मोडलेल्या बाजूला. ज्या हातांना त्या माणसाच्या पाठीवर सब्बल टाकता आली नाही, त्यातल्याच एका हातानं मी तुला मारलं. हात कसा सहज उठला, शकू!  तू गाल धरला नाहीस, उलट मारलंही नाहीस. तू, जिनं आयुष्यात एक थप्पड उधार ठेवली नाही. तू फक्त म्हणालीस, "जाय. गाडी चुकन तुही." मी गेले. अमरावतीपर्यंत हाताचा पंजा गरम होता.

अकरा महिने आपण बोललो नाही. जेठात एकदा तुझा मिस कॉल दिसला. उद्या करू म्हटलं. उद्याचं परवा झालं, आणि भादव्यात फोन आला तो तुझ्या भाच्याचा. डोक्यात रक्तस्राव, दोन दिवस, संपलं. मी पोचले तेव्हा तुझी राख थंड व्हायला लागली होती. तुझ्या अंगावरून गेलेली प्रत्येक मारहाण पचवलेली तू, आणि तुला मारलं ते तुझ्याच डोक्यातल्या एका शिरेनं. मी घाटावर एका दगडाला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं.

यंदा घटस्थापनेच्या आधी फोन आला तो निकिताचा. "मावशी, सातवी माळ सोमवारी आहे. ताईचं शेवटचं नाटक आहे, तिनंच लिहेल आहे. नाटकाच्या आधी तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही मैत्रीण होत्या ना." नाही म्हणणार होते. हो म्हटलं.

काल संध्याकाळी सहाला मांडव गच्च भरला होता. बाजूला तुझा फोटो, हार घातलेला. नाटक होतं एका पोरीचं, जिला यष्टीची ड्रायव्हर व्हायचं असतं. निकिता खाकी कपड्यात, टोपी घालून विंगेत उभी. नत्थू दुसऱ्या रांगेत, पोरीचं काम पाहायला आलेला, मांडीवर हात ठेवून. माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले. माझ्याजवळ कागद होता, त्यावर तू शांत होतीस असं मी लिहिलेलं नव्हतं, पण जवळपास तसंच काहीतरी होतं. मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"तीस वर्षांमागं याच जागी शकूचा जबडा फोडला," मी म्हणाले. "नत्थूनं फोडला. तो तिथं बसला आहे. मी पडद्यामागं होते. माझ्या हातात सब्बल होती आणि मी मारलं नाही. जमादारानं विचारलं तेव्हा मी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं. मी खोटं बोलले. मी सगळं पाहिलं."

 नत्थू उठला. खुर्च्या ओलांडत आला, एक लेकरू खाली पडलं. "उतर खाली! उतर, रांड!" असं ओरडत तो स्टेजवर चढला, थेट त्या दिवसासारखा, एक खांदा पाडून. मला पळता आलं असतं. पायऱ्या माझ्या बाजूलाच होत्या. मी माइकचा दांडा धरून उभी राहिले. त्याची पहिली मूठ ओठावर बसली. दुसरी कानशिलावर. पडले, उठले. तिसरी बसली तेव्हा माझ्या तोंडात लोखंडाची चव होती आणि मी त्याच्या तोंडावर थुंकले. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला राग आला होता, आणि तो पहिल्यांदाच माझा स्वतःचा होता.

निकिता विंगेतून धावत आली. "बाबा, सोडा! बाबा!" त्यानं तिला उलट्या हातानं अशी हाणली की टोपी उडून तुझ्या फोटोवर आदळली आणि फोटो पडला. काच फुटली. मग बायका उठल्या. तीस वर्षांमागं ज्या लेकरं घेऊन पळाल्या होत्या, त्यांतल्याच काही आता म्हाताऱ्या झालेल्या. त्यांनी त्याला पायांना धरून स्टेजवरून खाली ओढला. चपलांनी मारलं, खुर्चीनं मारलं. एकीनं त्याचा मफलर ओढून काढला आणि सगळ्यांनी तो कान पाहिला. मांडवाबाहेरचे बंदोबस्ताचे दोन पोलीस धावत येऊन मध्ये पडले नसते, तर काल तो मेला असता. त्यांनी मध्ये पडावं असं मला वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवते.

हवालदारानं तिथंच वही काढली. "बाईवर हात कोनं टाकला? कोनं पाह्यलं?"

आणि शकू, कुणी पुढं आलं नाही. आत्ता चपला मारणाऱ्या बायका पदर सावरायला लागल्या. पुरुष मोबाइल पाहायला लागले. हवालदार माझ्याकडे वळला. माझ्या तोंडातून नुसतं रक्त येत होतं.

"मी पाह्यलं," निकिता म्हणाली. गाल सुजला होता, खाकी सदऱ्याचं बटण तुटलं होतं. "लिवा. नत्थू. दुसऱ्या रांगेतून उठून आला, तीन बुक्क्या मारल्या, मग मले मारलं."

"तुहा कोन लागते तो?"

"बाप. लिवा."

त्यानं लिहिलं. तुझं जुनं प्रकरणही लिहा म्हणून मी खुणेनं सांगत राहिले. तो म्हणाला, "बाई, तीस वर्षांचं आता काय लिवू?" ते नाही लिहिलं. ते कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून इथं लिहिलंय.

नत्थूला जीपमध्ये घातलं. मला वाटलं, निकिता माझ्या गळ्यात पडेल. ती माझ्यासमोर आली ती दात खातच.

"तीस वर्षं थांबल्या तुम्ही. अजून दोन तास नाई थांबल्या? माहं नाटक झाल्यावर नसतं बोलता आलं?"

 मी तोंडात कोंबलेला रुमाल आणखी दाबला.

"मले सारं माहीत होतं," ती म्हणाली. "ताईनं पह्यल्याच दिवशी सांगतलं. तुह्या बापानं हे केलं, आता तुले पटत असन तं ये. तुमचंबी सांगतलं, का तुमच्या हातात सब्बल होती."  मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "ताई म्हणे, कल्पी एकोणीस वर्षांची होती, भेली. म्हणे, मीबी भेलती. मले पळाचं सुचलं नाई म्हणून उभी राह्यली."

मी फळ्यांवर बसले. तीस वर्षं मी तुला न भिणारी समजत होते, आणि त्या समजुतीवर स्वतःला रोज सोलत होते. तूही भ्यायली होतीस. हे तू मला का नाही सांगितलंस? की तुझा तो जेठातला मिस कॉल यासाठीच होता? आता कोण सांगणार. तुझ्या गालाला हात लावून माफी मागायची राहिली, ती राहिलीच. तू गप्प राहिलीस याचा राग आहे मला. तू दुसऱ्यांना सांगताना मला कल्पी म्हणालीस, त्यावर मी पुढची वर्षं काढीन.

नाटक झालं. आठ वाजता पडदा उघडला. मला आर्वीला न्यायला गाडी आली होती, नाटक संपेपर्यंत मी गेले नाही. पहिल्या रांगेत, तोंडाला रुमाल धरून बसले. निकितानं सुजलेल्या गालानं काम केलं. पहिला अंक तिनं अक्षरशः उचलला, मागच्या रांगा उभ्या राहून पाहत होत्या. दुसऱ्या अंकात, डेपोतल्या प्रवेशात, ती दमली. आवाज खाली गेला, वाक्यांचे शेवट गिळले जायला लागले. अशा वेळी तू विंगेतून भर नाटकात शिवी हासडायचीस, पार मांडवाला ऐकू जाईल अशी. पोरं दचकायची आणि आवाज वर यायचा. मी विंगेकडे पाहिलं. निकितानंही बोलता बोलता तिकडेच पाहिलं. थोडा वेळ आम्ही दोघी तिकडेच पाहत होतो.

मग तिनं स्वतःच श्वास घेतला आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.